‘अपडेट करू नका’ या मेसेजला उत्तर

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. कंपन्या अपडेट पाठवून जुने फोन मुद्दाम स्लो करतात, म्हणून अपडेट बंद ठेवा. अनोळखी लिंक उघडली नाही तर जुन्या फोनलाही काही होत नाही. फारच भीती वाटली तर अँटिव्हायरस टाका. तलावपाळीवर रोज भेटणाऱ्या दोन काकांनी तो वाचून खरोखरच अपडेट बंद केले, म्हणून हे लिहितेय.

पहिला मुद्दा अगदीच खोटा नाही, म्हणून तर तो पटतो. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ ने (आयओएस म्हणजे आयफोनची सिस्टिम) बॅटरी थकलेल्या काही आयफोनचा वेग खरंच कमी केला. फोन अचानक बंद पडू नयेत हा हेतू होता, पण ग्राहकांना ते नीट सांगितलं नाही. अ‍ॅपलने कबुली दिली ती डिसेंबरमध्ये. फ्रान्समध्ये २०२० साली त्याबद्दल अडीच कोटी युरो दंड झाला. लोकांचा राग रास्तच होता. पण बॅटरी बदलली की त्या फोनचा वेग परत यायचा, आणि हे स्लो होणं बंद करायची सोय मिळाली तीही २०१८ च्या ११.३ या अपडेटमधूनच.

लिंक उघडली नाही की झालं, हा सगळ्यात घातक मुद्दा. २०१५ मध्ये सापडलेल्या ‘स्टेजफ्राइट’ दोषात चोरांना अँड्रॉइड फोनमध्ये शिरायला नुसता एक एमएमएस (फोटो-व्हिडिओचा मेसेज) येणं पुरेसं होतं, तो उघडायचीही गरज नव्हती. त्यानंतरच गूगलने दर महिन्याला सिक्युरिटी अपडेट द्यायला सुरुवात केली. २०१७ च्या ‘ब्लूबॉर्न’ दोषाला तर फक्त ब्लूटूथ चालू असलं की पुरे, पेअर केलेलं नसलं तरी. सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये कानात इअरबड घातलेले किती जण असतात ते आठवा. आणि असा दोष, म्हणजे सिस्टिममधलं भोक, बुजवणारं अपडेट जाहीर झालं की भोक कुठे होतं हेही चोरांना कळतं. अपडेट न केलेला फोन त्या दिवसापासून जास्त धोक्यात येतो.

अँटिव्हायरस हेही एक अ‍ॅपच. सिस्टिममधलं भोक त्याला बुजवता येत नाही.

खरी तक्रार वेगळी आहे: कंपन्या अपडेट फार लवकर थांबवतात. २०१३ च्या आयफोन ५एस ला जानेवारी २०२३ मध्ये सिक्युरिटी अपडेट मिळालं, म्हणजे मनात आणलं तर जमतं. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ ना सात वर्षांचं आश्वासन आहे, पण ते महागडे फोन. युरोपीय संघात जून २०२५ पासून नियम आहे, मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान ५ वर्षं अपडेट द्यायचे. असा नियम इथेही हवा. तोवर गोखले रोडवरच्या दुकानात रॅम आणि कॅमेऱ्याआधी अपडेटची वर्षं विचारा.

त्या दोन काकांपैकी एकांचे अपडेट पुन्हा चालू करून दिले. दुसऱ्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख २०२१ ची निघाली, आता नवं येणार नाही. नवा फोन घ्यायची त्यांची ऐपत आज नाही. म्हणून बँकेचं अ‍ॅप आणि यूपीआय तिथून काढून काकूंच्या फोनवर टाकलं, कारण त्यांच्या फोनला अजून अपडेट येतात. काकांच्या फोनवर आता कॉल, रेडिओ आणि नातवाचे फोटो.