डिस्क घेतली म्हणजे गेम कायमचा आपला?

लॅमिंग्टन रोडवरून गेम घेणाऱ्या मुंबईकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘डिस्कच घ्या, गेम कायमचा तुमचा. डाउनलोड केलेला कंपनी कधीही काढून घेते.’ यातलं अर्धंच खरं आहे.

युबिसॉफ्ट कंपनीच्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले. हा गेम ऑनलाइन असल्याशिवाय चालतच नसे. त्यामुळे ज्यांच्या कपाटात मूळ डिस्क होती, त्यांचाही खेळ तिथेच संपला. रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू अशी निकामी करणं हा मला सरळ अन्याय वाटतो. निन्टेन्डो स्विच २ या गेम कन्सोलच्या ‘गेम-की कार्ड’मध्ये तर गेम नसतोच, कार्ड घालून तो डाउनलोड करावा लागतो. उलट जीओजी या गेम विकणाऱ्या वेबसाइटवर घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर (गेम बसवायची फाइल) स्वतःच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवता येतो आणि पुढे इंटरनेटशिवाय वापरता येतो.

डिस्कचा पक्का फायदा एकच: खेळून झाल्यावर ती विकता येते, मित्राला देता येते. (नव्या गेमच्या किमती पाहता हा फायदा लहान नाही.) मात्र पैसे देण्याआधी खोक्यावर इंटरनेट लागेल असं छापलंय का, ते वाचा.