सहा महिन्यांत अमेरिकेत इलेक्ट्रिशियन? आधी तास मोजा

व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: 'अमेरिकेत इलेक्ट्रिशियन डॉक्टरांच्या बरोबरीनं कमावतात. डिग्री लागत नाही. आयटीआय झालेल्या मुलानं सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करायचा, पुस्तक उघडं ठेवून परीक्षा द्यायची, की जर्नीमनचं लायसन्स हातात. ते सगळ्या अमेरिकेत चालतं. पहिल्याच वर्षी लाख डॉलर.'

जर्नीमन म्हणजे शिकाऊपण पूर्ण करून परवाना मिळालेला इलेक्ट्रिशियन. डिग्री लागत नाही, एवढं खरं. शिकता शिकता पगार मिळतो हेही खरं, पण नेमकं तेच मेसेजात नाही.

आता 'सहा महिने'. टेक्ससचं उदाहरण घेऊ, तिथे आपली माणसं बरीच आहेत. तिथे जर्नीमन व्हायला ८,००० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं, तेही मास्टर इलेक्ट्रिशियनच्या, म्हणजे जर्नीमनहून वरचा परवाना असलेल्याच्या देखरेखीखाली. आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ५० आठवडे धरले, तरी चार वर्षं झाली. ७,००० तास भरले की परीक्षेला बसता येतं, पण लायसन्स मिळतं ते उरलेले हजार भरल्यावरच. ऑनलाइन कोर्सनं परीक्षेची तयारी होईलही. पाइपातून वायर ओढल्याचे तास तो कुठून आणणार?

'सगळ्या अमेरिकेत चालतं' ही तर शुद्ध थाप. देशभर चालेल असं लायसन्सच तिथे नाही. ज्याचं त्याचं राज्य ठरवतं, आणि इलिनॉय, पेनसिल्व्हेनियासारख्या ठिकाणी राज्यही हात वर करतं. मग शहराचे नियम पाहायचे. टेक्ससचा आर्कान्सा, न्यू मेक्सिको अशा काही राज्यांशी परस्पर मान्यतेचा करार आहे. कॅलिफोर्नियाचा कारभार मात्र वेगळा.

उघड्या पुस्तकाच्या परीक्षेवर जरा थांबतो, कारण फसगत इथेच होते. ते पुस्तक म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, वायरिंगच्या नियमांचा ग्रंथ. दर तीन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती येते. टेक्ससमध्ये पास व्हायला ७० टक्के लागतात आणि घड्याळ चालूच असतं. साधा प्रश्न बघा: एका स्विच बॉक्समध्ये १२ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा) दोन केबल येतात, प्रत्येकीत काळी, पांढरी आणि अर्थची तार. बॉक्स केवढा हवा? आत किती तारांएवढी जागा लागते ते मोजायचं. काळ्या-पांढऱ्या मिळून चार. अर्थच्या दोन्ही मिळून एकच धरायची. स्विचला दोन तारांएवढी जागा, केबल पकडणाऱ्या आतल्या क्लॅम्पला एकीएवढी. झाले आठ. १२ गेजला प्रत्येकी २.२५ घन इंच, म्हणजे किमान १८ घन इंच. हे माहीत असलेल्याला अर्धं मिनिट लागतं. पुस्तक उघडून 'बॉक्स' शोधत बसलेल्याचा पुढचा प्रश्नही गेला.

आयटीआयचा अभ्यास वाया जात नाही. ओहमचा नियम पुण्यात आणि ह्यूस्टनमध्ये एकच. पण सवयी? आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रल असते. अमेरिकेतल्या घरात काळ्या तारेत बहुधा करंट असतो आणि न्यूट्रल पांढरी. आपण २३० व्होल्टवाले. तिथे साध्या सॉकेटला १२०, आणि ड्रायरसारख्या उपकरणाला २४०. आपण तार चौरस मिलिमीटरमध्ये मागतो, तिथे गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. हात बसलेल्या माणसालाच हे जास्त नडतं. म्हणून ते चार वर्षांचं शिकाऊपण.

व्हिसाचं तर मेसेजात नावच नाही. एच-वन-बी सर्वसाधारणपणे पदवी लागणाऱ्या कामांसाठी असतो, त्यात वायरमनचं काम बसत नाही. कुशल कामगारांच्या ग्रीन कार्डाला दोन वर्षांचा अनुभव पुरतो, पण आधी नोकरी देणारा मालक हवा आणि भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे.

आणि लाख डॉलर? अमेरिकी सरकारच्या कामगार आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये इलेक्ट्रिशियनची मध्यम वार्षिक कमाई ६२,३५० डॉलर होती, म्हणजे निम्म्यांची त्याहून कमी, निम्म्यांची जास्त. लाखाच्या वर जाणारे असतात, पण ते वरच्या फळीतले, वर्षानुवर्षं मुरलेले. शिकाऊ माणसाला सुरुवातीला जर्नीमनच्या निम्म्याच्या आसपास मिळतं.

ज्याच्याकडे अमेरिकेत काम करायची परवानगी आधीच आहे, त्यानं कोर्सवाल्याच्या नादी लागूच नये. टेक्ससमध्ये १६ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही शिकाऊ इलेक्ट्रिशियन म्हणून राज्याकडे नोंदणी करता येते. मग एखाद्या कंत्राटदाराकडे किंवा युनियनच्या प्रशिक्षण केंद्रात जागा मिळवायची. युनियनच्या प्रवेश परीक्षेत बीजगणित असतं, तेवढी शाळेतली वही बाहेर काढावी. तास कामाला लागल्यावर सुरू होतात, आणि त्यांची नोंद पहिल्या दिवसापासून आपली आपण ठेवावी, कारण मालक बदलला की जुन्या मास्टरची सही मिळवायला फिरावं लागतं.