अंड्याचा पांढरा बलक, इस्त्री आणि मावशीचे टाके

मावशीचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, त्याला आज पाच दिवस झाले. पोटावर चार छोटे छेद आणि त्यांवर टाके. काल रात्री तिचा फोन आला, "टाके घालून डॉक्टरांनी मला फसवलं का रे?"

कारण अर्थातच नातेवाइकांच्या ग्रुपवरचा मेसेज. त्यात काय होतं? इस्रायलने यंदा लेसरने जखम चिकटवायचा शोध लावला, दोन मिनिटांत जखम गायब, डॉक्टर पैशासाठी हे दडवतात. आणि घरगुती उपाय म्हणून जखमेवर अंड्याचा पांढरा बलक लावून वरून कोमट इस्त्री धरा, कारण "अल्ब्युमिन ६५ अंशांना चिकटतं". (अल्ब्युमिन म्हणजे एक प्रथिन, अंड्याच्या पांढऱ्या बलकातही असतं.)

आधी या इस्त्रीचंच बघू. जिच्या स्वयंपाकघरात आजवर अंडं शिरलं नाही, ती मावशी शेजारून एक मागवायच्या बेतात होती!

गंमत म्हणजे ६५चा आकडा खरा आहे, म्हणून तर तो गळी उतरतो. इस्रायलच्या तेल अवीव विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ अब्राहम कॅत्झिर यांच्या गटाने लेसरने जखम चिकटवायचं हे तंत्र घडवलं. छेदाच्या कडा जुळवून त्यांवर अल्ब्युमिनचा द्रव लावतात आणि कार्बन डायऑक्साइड लेसरने तो ठिपक्याठिपक्याने तापवतात. साध्या काचेच्या तंतूतून हा लेसर जात नाही, म्हणून सिल्व्हर हॅलाइड या चांदीच्या संयुगाचे तंतू वापरले. तापणाऱ्या जागेतून निघणारी उष्णता सतत मोजली जाते आणि त्यानुसार लेसर आपोआप कमी-जास्त होतो. कमी तापलं तर चिकटत नाही, जास्त तापलं तर भाजतं. सगळी करामत या नियंत्रणात आहे, आणि मेसेजवाल्याने नेमकं तेच काढून तिथे इस्त्री ठेवली. इस्त्री सगळ्यात कमीवर ठेवली तरी शंभरच्या आसपास जाते. अहो, ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी खोलवर भाजतं. शिवाय ते अल्ब्युमिन शुद्ध केलेलं आणि निर्जंतुक असतं. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा जंतू असू शकतो. तो ताज्या छेदावर चोपडायचा?

आता बाकीचं. "यंदाचा शोध" म्हणे! बारीक रक्तवाहिन्या लेसरने जोडल्याचं जैन आणि गोरिश या संशोधकांनी १९७९ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. कॅत्झिर यांची माणसांवरची चाचणीही दहा-बारा वर्षांहून जुनी आहे.

"डॉक्टर दडवतात" याला ती चाचणीच उत्तर देते. दहा रुग्ण, सगळे पित्ताशयाचेच, मावशीसारखे. प्रत्येकाच्या पोटावर चार छेद, त्यांतले दोन लेसरने जोडले आणि दोन टाक्यांनी शिवले. म्हणजे ज्यांनी लेसर आणला त्यांनीही निम्मे छेद शिवलेच. दहा माणसांच्या चाचणीवरून गावोगावचे टाके बंद होत नसतात. आणि पैशाचंच म्हणाल, तर बिल दोऱ्याने जास्त फुगेल की लेसरच्या यंत्राने?

आपल्याकडे मूळव्याधीच्या पाट्यांवर "लेसर ऑपरेशन" लिहिलेलं असतं, ते वेगळं. तो लेसर जाळतो, कापतो. चिकटवत नाही.

बरं, एक मान्य करतो, नाइलाजाने. टाक्यांशिवाय जखम बंद करता येते. कातडीवर लावायचा वैद्यकीय गोंद आहे, पिना आहेत, आपोआप विरघळणारे दोरेही आहेत. "टाके हा एकच मार्ग नाही" एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

मावशीला सांगितलं, छेद कोरडे ठेव. लाल झाले, पू आला, ताप चढला तर ग्रुपवर विचारू नकोस, थेट डॉक्टरांना फोन कर. टाके गुरुवारी काढणार आहेत. हे सगळं मी ग्रुपवरही टाकलं. मेसेज पाठवणाऱ्या काकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, आणि दहा मिनिटांत तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. त्यांच्याच नंबरवरून.