काढ्याने खोकला हलका होतो, म्हणून पंप बंद करता येत नाही

थंडी पडू लागली की व्हॉट्सॲपवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : ब्रॉन्कायटिस (श्वासनलिकांना येणारी सूज) कितीही जुना असो, अडुळसा, ज्येष्ठमध, आले आणि हळद यांचा काढा २१ दिवस घेतल्यास तो मुळापासून बरा होतो, मध लहानथोर सर्वांना चालतो, कापूर-ओव्याची वाफ आणि धुरी फुप्फुसे साफ करते, दूध कफ वाढवते म्हणून ते बंद करावे, आणि श्वासावाटे औषध घेण्याच्या पंपाची (इनहेलरची) सवय लागते, म्हणून तोही सोडावा. यातले काही खरे आहे, काही अर्धवट खरे आहे आणि शेवटची सूचना जिवावर बेतू शकते.

‘मुळापासून बरा’ हा दावा आधी घेऊ, कारण एकाच नावाखाली येथे दोन आजार एकत्र केले आहेत. सर्दीपाठोपाठ येणारा तीव्र ब्रॉन्कायटिस बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि त्याचा खोकला साधारण दोन ते तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्यामुळे २१ दिवस काहीही घेतले तरी श्रेय त्यालाच मिळते. प्रतिजैविकांचाही त्यात सहसा उपयोग नसतो, आणि बेडक्याचा पिवळा-हिरवा रंग पांढऱ्या पेशींतल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) येत असल्याने केवळ रंगावरून ती मागू नयेत. जुनाट ब्रॉन्कायटिस मात्र वेगळा असतो. सलग दोन वर्षे, दरवर्षी किमान तीन महिने कफासह खोकला राहिला की त्याला हे नाव देतात. तेथे श्वासनलिकांच्या अस्तरातल्या कफ तयार करणाऱ्या ग्रंथीच वाढलेल्या असतात, आणि अनेकांच्या नलिका कायमच्या अरुंद झालेल्या असतात. त्या पूर्ववत करणारा काढा अस्तित्वात नाही.

तरीही अडुळशाला कोणी हसू नये. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, आणि आज दुकानातल्या कितीतरी खोकल्याच्या बाटल्यांत ते असते. पण कफ सुटणे वेगळे आणि आवळलेली नलिका मोकळी होणे वेगळे. शिवाय झाडपाला आहे म्हणून तो निर्धोक ठरत नाही : गरोदरपणी अडुळसा टाळावा, आणि ज्येष्ठमध रोज बरेच दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो व शरीरातले पोटॅशियम कमी होते, हे रक्तदाबाच्या रुग्णांना कोणीतरी सांगायलाच हवे.

मधाने रात्रीचा खोकला कमी होतो, हे मुलांवरील अभ्यासांतही दिसले आहे. परंतु एक वर्षाखालच्या बाळाला तो चाटवूही नये, कारण मधातले जंतूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

वाफेने नाक मोकळे वाटते, तेवढाच तिचा उपयोग आहे. उकळत्या पातेल्यावर मुलाला चादरीखाली बसवून भाजून घेण्याइतका तो मोठा नाही. कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास आकडी येते.

धुरीबद्दल मला अधिक सांगायचे आहे. माझ्या आत्याने सबंध आयुष्य चुलीपुढे काढले. तिच्या स्वयंपाकघराचे आढे काजळीने काळे झाले होते, आणि फुंकणीने जाळ फुलवताना ती दर दोन फुंकींनंतर थांबून खोकत असे. विडीला तिने कधी हात लावला नव्हता, तरी तिला जुनाट ब्रॉन्कायटिस झाला. आणि त्यावर उपाय म्हणून घरच्यांनी तिच्यापुढे निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालपटे टाकून धुरी धरली. ज्या धुराने छाती बिघडली तोच औषध म्हणून दिला गेला. धूर ओव्याचा असो की गोवरीचा, त्यातले सूक्ष्म कण नलिकांच्या अस्तरावर बसतात आणि सूज वाढवतात. बाळ-बाळंतिणीच्या खोलीतली धुरी आणि दार लावून जाळलेली अगरबत्ती याच मापाने मोजावी. मच्छर कॉइलविषयी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून बाहेर पडणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते.

दुधाचा मुद्दा छोटा आहे. ते लाळेत मिसळून घशाला चिकट लागते, कफ मात्र त्याने वाढत नाही. आजाराने खंगलेल्या माणसाचे दूध तोडणे म्हणजे त्याचे पोषण तोडणे होय.

आता पंप. सालब्युटामॉल या नलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीत चाळीस फवाऱ्यांइतके. म्हणजे ज्याला लोक ‘जहाल’ समजतात तो प्रकार मात्रेने कितीतरी सौम्य आहे, कारण औषध थेट नलिकेत पोचते. पंप रोज लागतो तो आजार रोज असतो म्हणून. रक्तदाबाच्या गोळीला आपण सवय म्हणत नाही. स्टेरॉइडचा पंप असेल तर घेतल्यावर खळखळून चूळ भरावी, आणि बंद करायचा की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे.

ज्या नैसर्गिक उपायाने जुनाट ब्रॉन्कायटिसची घसरण खरोखर मंदावते, त्याचा त्या संदेशात उल्लेखही नाही. तो म्हणजे विडी-सिगारेट सोडणे, जी कोणत्याही वयात सोडली तरी फुप्फुसांची झीज मंदावते. त्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत मदत मिळते. सिलिंडर घरात असूनही भाकरी आणि आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटत असेल, तर निदान ती उघड्यावर मांडावी आणि खोकणाऱ्या माणसाला तिच्यापुढे बसवू नये. त्याच्या जोडीला दरवर्षी फ्लूची लस आणि झेपेल तेवढे रोजचे चालणे ठेवावे.

आणि खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, बेडक्यात रक्त दिसले किंवा संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला, तर काढ्याचे २१ दिवस पुरे होण्याची वाट पाहू नये. क्षयरोगाची थुंकी-तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.