बिबड्यांपायी मनगट

मे महिन्यात आमच्या खान्देशात गच्चीवर माणसाला पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे जुन्या साड्या आणि त्यांच्यावर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड. मला फक्त पलीकडच्या टाकीचा कॉक बंद करायचा होता. बायको खालून ओरडली, "एकावर जरी पाय पडला ना, तर बघा!" मी पाय वाचवला आणि हातावर पडलो. नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने कौतुकाने सांगितलं, एकही बिबडा मोडला नाही म्हणून. माझं नाही हो, बिबड्यांचं कौतुक.

डॉक्टर म्हणाले कॉलिस फ्रॅक्चर. पडताना माणूस पंजा टेकवतो, सगळं वजन मनगटावर येतं आणि अंगठ्याच्या बाजूचं रेडियस नावाचं हाड खालच्या टोकाला मोडतं. कॉलिस नावाच्या आयरिश सर्जनने हे १८१४ सालीच लिहून ठेवलंय, म्हणजे एक्स-रेचा शोध लागायच्या ८१ वर्षं आधी, नुसतं बघून. आमच्याकडे एक्स-रे हातात घेऊनसुद्धा शेजारचे आबा म्हणत होते, "मुरगळलाय फक्त, तेल चोळा."

मग प्लास्टर. जिप्सम भाजून पावडर करायची, पाणी लागलं की ती घट्ट होते आणि घट्ट होताना गरम होते हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. बाहेर ४५ डिग्री, आत हे. पॅरिसजवळ जिप्समच्या खाणी होत्या म्हणून नाव प्लास्टर ऑफ पॅरिस, तेव्हा बायकोला म्हटलं, घे, फॉरेनला न्यायचं राहिलं होतं ना, फॉरेनच घरी आलं. ती हसली नाही.

सहा आठवडे नुसतं बसून करणार काय, डाव्या हाताने मोबाईलवर हाडांचंच वाचत बसलो. इतके दिवस मला वाटायचं हाड म्हणजे आत खोचलेली कापसाची वाळकी पऱ्हाटी, त्याच्यावर मांस लिंपलेलं. तसं नाहीये भो. हाड जिवंत असतं, त्यात रक्त खेळतं, काही हाडांच्या मगजात तर रक्ताच्या पेशी तयार होतात. नुसतं कॅल्शियम फॉस्फेट असतं तर खडूसारखं तुटलं असतं, नुसतं कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन असतं तर वाकलं असतं, दोन्ही मिळून जमतं. आणि आत कायम कंत्राटदार लागलेले, ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी पाडतात, ऑस्टिओब्लास्ट नावाच्या बांधतात, आयुष्यभर. आमचा ओटा पाडणारे वेळेवर आले होते आणि बांधणारा गवंडी मामाच्या पोरीच्या लग्नाला गेला तो अजून येतोय, त्यामुळे हे वाचून मला जरा हेवाच वाटला. मोडलेल्या जागी आधी रक्ताची गुठळी होते, मग कूर्चेचा मऊ सांधा, मग कच्चं हाड, आणि मग ते घासूनपुसून नीट करायचं काम महिनोन्महिने चालतं, कोणी ॲडव्हान्स मागत नाही.

मोठ्या माणसात २०६ हाडं. जन्मतो तेव्हा तीनशेच्या आसपास असतात, वाढता वाढता जुळत जातात. मी उलटं करून २०७ केली. एकेका पंजात सत्तावीस हाडं, पण माझं मोडलेलं हाड त्या सत्तावीसात धरतच नाहीत, म्हणजे मोडून मोडलं तेही यादीबाहेरचं.

भेटायला येणाऱ्यांचं तर विचारूच नका. धुळ्याचे मामा दारातूनच, "काय भो, कसा काय पडना?" मग पुढचा अर्धा तास ते स्वतः कसे, कुठे, कितीदा पडले ते. कोणी नागलीची भाकरी सांगितली, कोणी डिंकाचे लाडू, कोणी कांडवेल वाटून आणली, एक काकू तर हळूच पाया शिजवायचं सांगून गेल्या आमच्या माळकरी घरात. डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट एकच, तंबाखू बंद, निकोटिनने हाड जुळायला उशीर लागतो. तेवढी गोष्ट मात्र एकाही पाहुण्याने सांगितली नाही, कारण ती सांगताना तोंडात असायची.

पण खरं दुःख खाज. रात्री लाईट गेली, कूलर बंद, प्लास्टरच्या आत घाम, आणि बरोबर मनगटाच्या मागे, जिथे देवाचाही हात पोचणार नाही तिथे, खाज. आत काही घालू नका, जखम होईल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी शब्द दिला होता. त्या सहा आठवड्यांत आमचा खराटा हळूहळू बारीक होत गेला आणि बायकोने त्यासाठी आठवडी बाजारातल्या खराटेवाल्या बाईला दोनदा झापलं, मी मध्ये पडलो नाही. आधीच एकदा पडलो होतो.

शेवटी प्लास्टर काढायचा दिवस आला. ती करवत गरगर फिरत नाही, नुसती थरथरते, कडक प्लास्टर कापते आणि मऊ कातडीला सहसा काही करत नाही, हे मी वाचलेलं होतं तरी डोळे मिटूनच घेतले. कवच दोन बाजूंना उघडलं. आत वाळलेल्या दोडक्यासारखा हात, आणि त्याच्या बाजूला खराट्याच्या साडेतीन काड्या.

डॉक्टरांनी काड्यांकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग पर्स बंद करत म्हणाली, "चला, आधी बाजारात जायचंय. त्या बाईला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."