रतिबाची बाजू

मराठीत रोज लिहिणाऱ्याला गार करायला एक वाक्य पुरतं: ‘तुमचा रतीब बरा चाललाय.’ सूर कौतुकाचा, पण आशय असा की दूधवाल्यासारखे रोज येऊन माप ओतून जाता, आणि त्यात पाणी किती असतं ते आम्हाला समजतं. फोनवर मराठी लिहिणं सोपं झाल्यापासून ही तक्रार जास्तच ऐकू येते. जो तो लिहितोय, वाचायला कुणी उरलं नाही. रोज लिहिलं की लेखन पातळ होतं. आतून आल्याखेरीज लिहूच नये. भारतात गेले की साहित्यावर मनापासून प्रेम करणारी माणसं हे सांगतात, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. मी राहते स्वीडनमध्ये, आणि इथून पाहिलं की मला रतिबाची बाजू घ्यावीशी वाटते.

‘आतून येईपर्यंत थांबा’ हा सल्ला ज्याच्या कानावर दिवसभर मराठी पडते त्याला परवडतो. त्याने महिनाभर एक ओळ लिहिली नाही तरी रिक्षातली हुज्जत, जिन्यातली भांडणं, बातम्या, प्रचाराचे भोंगे त्याच्यासाठी वाक्यं घडवतच असतात. माझ्या वाट्याला घरच्यांचे फोन येतात, आणि त्यात तब्येत, हवा आणि ‘कधी येतेस’. परदेशात राहून मराठी विसरायला होते असा एक समज आहे. तसं सहसा होत नाही. ज्या वयात देश सोडला त्या वयात ती थांबून राहते. कॉलेजातल्या गोष्टी मी झोपेतून उठवलं तरी मराठीत सांगेन. पण ऑफिसात कालपरवा झालेला मतभेद सांगायला गेले की वाक्य अर्ध्यावर इंग्रजीत घसरतं. त्या मतभेदाचा विचारच मी मराठीत केलेला नसतो.

इथली धुलाईखोलीच घ्या. स्वीडनमधल्या पुष्कळ इमारतींत सगळ्यांनी मिळून वापरायची एक धुलाईखोली असते, बहुतेक वेळा तळघरात. आधी पाळी नोंदवायची, नेमून दिलेल्या वेळात कपडे धुऊन, वाळवून खोली मोकळी करायची, आणि निघताना ड्रायरच्या जाळीतला कपड्यांचा भुगा काढायचा. तो राहिला की भिंतीवर एक चिठ्ठी येते. चिठ्ठीची भाषा इतकी सभ्य असते की वाचून हुडहुडी भरावी. हे मराठीत लिहायचं ठरवलं तेव्हा आधी जे उतरलं ते यंत्रासोबतच्या माहितीपत्रकासारखं होतं. तसलं मराठी आता एखादं अॅपही निमूट लिहून देतं, आणि ‘मग तू कशाला कष्ट घेतेस’ असं मला विचारलंही जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहिलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चिठ्ठी लिहिणाऱ्या शेजारणीचा स्वभाव त्यात आल्यावर कुठे मजकूर हलायला लागला. टोमणा मारायची मराठीत उत्तम सोय आहे, फक्त त्या भिंतीकडे मराठीतून बघायची मला सवय नव्हती. आतून येण्याची वाट पाहिली असती तर धुलाईखोलीविषयी माझ्या आतून काही येण्याचा संभव शून्य होता.

आणि रतिबाला मराठीत कमी लेखण्याचं खरं तर काही कारण नाही. आपलं आधुनिक गद्य उभं राहिलं ते ठरल्या दिवशी अंक काढण्याच्या सक्तीतून. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ साली सुरू झालं. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ पासून गोपाळ हरी देशमुख ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं लिहू लागले. तेव्हा ते पंचविशीत होते आणि सरकारी नोकरी सांभाळून लिहीत होते. दोनेक वर्षांत ही पत्रं शंभराच्या वर गेली. सगळी सारखी उतरलेली नाहीत. काही त्रोटक आहेत, काहींत तेच मुद्दे पुन्हा आलेत, काही नुसती चिडचिड आहे. पण नव्या राजवटीत, नव्या शिक्षणात काय चाललंय हे मराठीत मांडायला तयार वाक्यं मिळत नव्हती, ती अशा नेमाच्या लिहिण्यातून तयार झाली. उत्तम सुचेपर्यंत ते थांबले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न रतिबाला नाक मुरडणाऱ्यांना विचारावासा वाटतो.

मायदेशी मराठीवर वाद होतो तो बहुतेक दुसऱ्या कुणी काय करावं याचा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अभिजात दर्जाला मंजुरी दिली. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये तो बदलला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. हा वाद मला फिजूल वाटत नाही. मुलाच्या कानावर कोणती भाषा पडणार हे शाळा ठरवते, म्हणून शाळेसाठी भांडायलाच हवं. पण अशा भांडणातून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे स्वीडनमध्ये बरं दिसतं. इथे १९७७ पासून स्थलांतरितांच्या मुलांना शाळेत मातृभाषा शिकण्याची सोय आहे. साधारण नियम असा की नगरपालिकेच्या हद्दीत त्या भाषेची पाच मुलं हवीत आणि शिक्षक मिळायला हवा. १ जुलै २००९ पासून लागू झालेला भाषा कायदा तर सांगतो की ज्याची मातृभाषा स्वीडिश नाही त्यालाही आपली भाषा वापरण्याची आणि वाढवण्याची संधी मिळाली पाहिजे. परक्या देशाने आपल्यासाठी इतकं करावं, याचं मला अजून नवल वाटतं. तरी पदरात पडतो तो साधारण आठवड्याला एखादा तास. बाकीचे तास रिकामेच असतात, आणि ते भरायला कुठलीही संसद येत नाही.

इथे परदेशस्थांचा एक आवडता सूर लागू शकतो: ‘खरी मराठी आम्हीच टिकवतो.’ तो मला सहन होत नाही. मला संध्याकाळ मोकळी मिळते. लोकलमध्ये लोंबकळत दोन-दोन तास प्रवास करून घरी पोचणाऱ्या बाईला ‘रोज पानभर लिहा’ असं ऐकवायला माझं काय जातं? तिने न लिहिल्याने तिची मराठी सुकणार नाही, माझी सुकेल. एवढाच फरक आहे, आणि तो गुणाचा नाही, परिस्थितीचा आहे.

सवयीबद्दल मात्र दोन्हीकडे सारखाच गैरसमज दिसतो. २१ दिवस सलग केलं की सवय लागते, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडे जातो. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्याने १९६० मध्ये नोंदवलं होतं. पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे रोजची एक साधी गोष्ट, जेवताना पाणी पिण्यासारखी, करायला सांगून पाहिलं. ती गोष्ट अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ निघाला, आणि माणसामाणसांतली तफावत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत; बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिती अंदाजाने काढलेले. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त आवडतो: एखादा दिवस चुकला तर सवय मोडत नाही. आपल्याकडे संकल्प मोडला की माणूस तो सोडूनच देतो. पाणी पिणं आणि पान लिहिणं यांत अंतर आहे हे कबूल. म्हणून सवय लावायची ती लिहायला बसण्याची. चांगलं लिहिण्याची सवय कुणाला लागल्याचं मी पाहिलेलं नाही.

रतिबाच्या टीकाकारांचं एक म्हणणं मी पूर्ण मान्य करते. रोज लिहावं, पण रोज दाखवू नये. रोज दाखवणाऱ्याला रोज मत लागतं, आणि माणसापाशी इतकी मतं नसतात. मग आवाज चढतो, दोन महिन्यांत तो ओरडायला लागतो. मी आठवडाभराचं रविवारी वाचते. त्यातलं एखादं चारचौघांत ठेवण्याजोगं निघतं, बरेचदा तेही निघत नाही.

ऱ्हस्व-दीर्घही रविवारीच तपासते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२ चे नियम आणि १९७२ ची त्यातली भर मला पाळावीशी वाटते, कुणी चूक दाखवली तर रागही येत नाही. पण पहिल्याच प्रयत्नाखाली ‘आधी शुद्ध लिहायला शिका’ असं ऐकून ज्यांनी लिहिणं सोडलं अशी माणसं माझ्या ओळखीत आहेत, तिकडेही आणि इकडेही. त्यांतली काही बोलतात फार सुंदर.