जॉब कार्डवर निदान युनिट तरी छापा!

डोकं फिरलंय आज. विमानाचे रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारे सेट) बेंचवर घेऊन रिपेअर करायचं काम आमचं, आणि निम्मी शिफ्ट जाते एका युनिटचा आकडा दुसऱ्या युनिटात करण्यात. मॅन्युअल अमेरिकेतलं, त्यात टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, इंच-पाउंडात, शॉपमधला रेंच न्यूटन-मीटरचा, आणि जॉब कार्डवर, म्हणजे कामाची नोंद करायच्या फॉर्मवर, नुसता रिकामा चौकोन, युनिट छापलेलंच नाही! ४० इंच-पाउंड म्हणजे साधारण ४.५२ न्यूटन-मीटर, आणि घाईत कोणी ते फूट-पाउंड वाचलं तर सरळ बारा पट, कनेक्टरची वाट.

टॉर्कचं तरी एका आकड्याने गुणलं की झालं. खरा ताप व्हीएचएफ रिसीव्हरचा. मॅन्युअल म्हणतं ५ मायक्रोव्होल्ट द्या, १००० हर्ट्झ, ३० टक्के मॉड्युलेशन. चाचणीचा सिग्नल देणाऱ्या जनरेटरवर मात्र डीबीएम, म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेत लॉगरिदममध्ये मोजलेली पॉवर. ५० ओहम धरून काढलं की येतात उणे ९३. पण ते ५ मायक्रोव्होल्ट लोडवरचे (रिसीव्हर जोडल्यावरचे) की ओपन सर्किटचे (काहीच न जोडता)? ओपन सर्किटचे असतील तर लोडवर निम्मेच पडतात, म्हणजे उणे ९९, तब्बल सहा डीबीचा फरक! एका बाजूला चुकलं तर चांगला सेट फेल, दुसऱ्या बाजूला चुकलं तर कमजोर सेट पास होऊन विमानात बसतो. आणि एवढी मोठी गोष्ट कुठेतरी मागच्या पानावर बारीक नोटमध्ये, कधी कधी तीही नाही.

ट्रान्सपॉन्डरची पॉवर वॅटमध्ये, मीटर डीबीएममध्ये, २५० वॅट म्हणजे ५४, ५०० म्हणजे ५७, वर केबलचा लॉस डीबीत मिळवा. नवीन पोरं वॅटमध्येच डीबी मिळवायला जातात, आणि त्यांना ओरडून काय उपयोग, बसवून शिकवायला वेळ कोणी दिलाय इथे?

वरून साहेब म्हणणार, दहावीचं गणित आहे, एवढं काय त्यात. दहावीचंच आहे हो! १९८३ साली एअर कॅनडाच्या ७६७ मध्येही साधा गुणाकारच होता. फ्युएल गेज बंद, म्हणजे आमच्याच खात्यातला बिघाड, म्हणून इंधन हाताने मोजून हिशोब केला, लिटरचे किलो करायला ०.८ च्या जागी १.७७ घेतले, तो आकडा लिटरचे पाउंड करायचा होता. निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडालं, ४१ हजार फुटांवर असताना इंधनाच्या दाबाचे इशारे सुरू झाले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली. माणसं वाचली ती पायलटने इंजिनाशिवाय तरंगत कॅनडातल्याच गिमली गावी उतरवलं म्हणून.

आणि आमच्याकडे अजून हा हिशोब मोबाईलवर नाहीतर चिठ्ठीच्या मागे, चिठ्ठी कचऱ्यात, कार्डवर फक्त उत्तर आणि खाली माझी सही. बाकी ढीगभर गोष्टींना दुसऱ्याची तपासणी लागते, ह्यालाच नाही. मूळ आकडा, बदललेला आकडा, दुसऱ्याची सही, एक ओळ वाढवा म्हणून किती वेळा लेखी दिलंय, उत्तर ठरलेलं, फॉर्म बदलायला अप्रूव्हल लागतं. मग घ्या ना अप्रूव्हल, कोणी अडवलंय तुम्हाला!